माहिती जपावी, ज्ञान वाटावे : सेवासंस्थांच्या जाळ्यातील ज्ञानव्यवहार

संकटात सापडलेल्या माणसाला सावरण्याचे काम आज कोणत्याही एका संस्थेच्या हाती राहिलेले नाही. घर सोडून आलेले दहा-बारा वर्षांचे मूल रेल्वे स्थानकावर सापडले, तर रेल्वे पोलीस, बाल कल्याण समिती, बालगृह, रुग्णालय, समुपदेशक, मुलाच्या मूळ जिल्ह्यातील बाल संरक्षण कक्ष आणि पुढे शाळा अशा अनेक यंत्रणांशी त्याचा संबंध येतो. मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेली स्त्री पोलीस ठाणे, संरक्षण अधिकारी, निवारागृह, वकील आणि दवाखाना यांच्यामध्ये फिरत राहते. यांतील प्रत्येक यंत्रणेला त्या व्यक्तीच्या आयुष्याचा एकेक तुकडा दिसतो, आणि अशा प्रसंगी काय करावे, काय टाळावे याचे शहाणपणही प्रत्येकीकडे थोडेफार साठलेले असते. हे तुकडे वेळेवर एकत्र येतात की नाही, आणि ते शहाणपण एका संस्थेतून दुसरीत पोहोचते की नाही, यावर मिळणाऱ्या मदतीचा कस ठरतो. या सगळ्या व्यवहाराच्या अभ्यासाला सेवासंस्थांच्या जाळ्यातील ज्ञान व्यवस्थापन असे म्हणता येईल. नाव कोरडे आणि प्रशासकीय वाटले, तरी त्याच्या मुळाशी प्रश्न जीविताचे आहेत.

येथे जाळे म्हणजे परस्परांहून स्वतंत्र असलेल्या, पण एकाच माणसासाठी काम करणाऱ्या संस्थांचा समूह. एखाद्या कारखान्यात किंवा बँकेत वरिष्ठाने आदेश काढला की सर्व विभाग आपापली माहिती एका ठिकाणी जमा करतात. सेवासंस्थांच्या जाळ्यात असा एकच वरिष्ठ नसतो. पोलीस गृहखात्याला, बालगृह महिला व बालविकास विभागाला, रुग्णालय आरोग्यखात्याला किंवा महापालिकेला, तर स्वयंसेवी संस्था आपल्या विश्वस्तांना आणि देणगीदारांना उत्तरदायी असते. त्यामुळे या जाळ्यातील देवाणघेवाण हुकुमापेक्षा विश्वासावर, परस्परांत ठरलेल्या रीतींवर आणि सवयीवर चालते, आणि यांपैकी काहीही आपोआप तयार होत नाही.

या जाळ्यातून दोन निरनिराळ्या गोष्टी वाहत असतात आणि त्यांची गल्लत झाल्याने बरेच नुकसान होते. एक म्हणजे मदत घेणाऱ्या व्यक्तीविषयीची माहिती : तिचे नाव, आजार, घरातील परिस्थिती, तिच्यावर झालेला अत्याचार. दुसरी म्हणजे मदत करण्याच्या कामाचे ज्ञान : घाबरलेल्या मुलाला बोलते कसे करावे, कोणत्या रुग्णालयात रात्री कोण भेटते, कोणते उपाय फसले आणि का फसले. पहिलीला संयमाची शिस्त हवी, दुसरीला औदार्याची. प्रत्यक्षात पुष्कळदा नेमके उलट घडते. व्यक्तीची खाजगी माहिती अर्जांतून, छायाचित्रांतून आणि अहवालांतून सैलपणे फिरते, आणि कामाचे ज्ञान मात्र संस्थेच्या भिंतीआड किंवा एखाद्या जुन्या कार्यकर्तीच्या मनात अडकून राहते. ही उलटापालट दुरुस्त करणे, हेच सेवाक्षेत्रातील ज्ञान व्यवस्थापनाचे खरे काम आहे.

नोंदीपासून शहाणपणापर्यंत

ज्ञानाविषयीच्या आधुनिक विचारात मायकेल पोलान्यी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञाचे नाव प्रथम घ्यावे लागते. माणसाला जे ठाऊक असते ते सगळे त्याला शब्दांत सांगता येत नाही, या निरीक्षणावर त्याने १९५० आणि १९६० च्या दशकांत आपला विचार उभारला आणि अशा न सांगता येणाऱ्या ज्ञानाला स्वतंत्र स्थान दिले. मराठीत त्याला अव्यक्त ज्ञान म्हणता येईल. याउलट जे लिहिता, शिकवता आणि तपासता येते ते व्यक्त ज्ञान. पुढे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्थेतील ज्ञान या दोन रूपांमध्ये सतत ये-जा करते, अशी मांडणी केली. नवखा माणूस जाणत्याच्या सहवासात राहून न सांगितलेले शिकतो; मग कोणीतरी ते शब्दांत मांडतो; अशा अनेक मांडण्या एकत्र येऊन पद्धत तयार होते; आणि ती पद्धत वापरून वापरून नव्या माणसाच्या अंगवळणी पडते, तेव्हा ते ज्ञान पुन्हा अव्यक्त होते.

ही मांडणी उद्योगसंस्थांच्या अभ्यासातून आली असली, तरी सेवाक्षेत्राला ती अधिकच लागू पडते, कारण येथील बहुतेक कौशल्य माणसाने माणसाशी वागण्याचे असते. मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर काही वेळा फोन येतो आणि पलीकडून कोणीच बोलत नाही. अननुभवी माणूस तो फोन निरर्थक समजून ठेवून देईल. अनुभवी कार्यकर्तीला मात्र ठाऊक असते की पलीकडचे मूल धीर गोळा करत असू शकते, आज आवाज ऐकून उद्या बोलू शकते, म्हणून शांतपणे, प्रश्नांचा मारा न करता काही वेळ थांबून राहिले पाहिजे. किती वेळ थांबावे, कोणत्या स्वरात बोलावे हे नियमपुस्तिकेत पूर्णपणे उतरत नाही. परंतु असे मूक फोन हा नोंदीचा स्वतंत्र प्रकार मानला, तर नव्या कार्यकर्त्याला निदान एवढे तरी कळते की ही शांतता दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अव्यक्त ज्ञानाचा एक भाग अशा रीतीने व्यक्त होतो आणि उरलेला भाग सहवासातून शिकावा लागतो. जाळ्याला या दोन्ही वाटा खुल्या ठेवाव्या लागतात.

माहिती असूनही न कळणे

माहितीचे तुकडे एकत्र न आल्यास काय घडते याचे सर्वांत बारकाईने तपासले गेलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेली व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी २५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये मरण पावली. तिचा सांभाळ करणारी नातेवाईक स्त्री आणि त्या स्त्रीचा साथीदार यांनी केलेल्या दीर्घ छळाचा तो शेवट होता आणि त्या दोघांना पुढील वर्षी शिक्षा झाली. लॉर्ड लॅमिंग यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात १०८ शिफारशी होत्या. ही मुलगी कोणाच्या नजरेस पडलीच नव्हती असे मुळीच नव्हते, हे त्या अहवालातून स्पष्ट झाले. चार स्थानिक प्रशासनांचे समाजसेवा विभाग, दोन रुग्णालये, पोलिसांची दोन बाल संरक्षण पथके आणि एका मोठ्या बालसंस्थेचे केंद्र यांना तिची या ना त्या निमित्ताने माहिती होती, आणि तिला वाचवता आले असते अशा किमान बारा संधी हुकल्याचे अहवालाने दाखवून दिले.

येथे माहितीचा अभाव नव्हता. त्या माहितीचा अर्थ एकत्र लावला गेला नव्हता. पहिल्या रुग्णालयात तिच्या अंगावरील खुणांमागे छळ असावा असा संशय काही डॉक्टरांना आला होता, परंतु वरिष्ठ डॉक्टरांनी खरजेचे निदान केले आणि ते निदान बाहेर पोहोचताच इतर यंत्रणांनी मूळ संशयही मिटला असे मानले. एका यंत्रणेचे अर्धवट मत दुसरीपर्यंत जाताना पक्क्या निष्कर्षासारखे दिसू लागते, हा जाळ्यांतील नेहमीचा धोका आहे. कागद पुढे सरकतो, पण त्यासोबतची शंका, अनिश्चितता आणि अजून काय तपासायचे आहे याची जाणीव मागेच राहते. शिवाय प्रत्येक यंत्रणा आपले काम संपले असे समजून प्रकरण पुढे सोपवते, आणि पुढची यंत्रणा मागचीने आवश्यक ते सर्व तपासले असेल असे धरून चालते.

या घटनेनंतर इंग्लंडमध्ये २००४ चा बालकविषयक कायदा आला आणि त्याच्या आधारे प्रत्येक मुलाची मूलभूत नोंद व त्या मुलाशी संबंधित व्यावसायिकांची नावे एकत्र ठेवणारी कॉन्टॅक्टपॉइंट ही देशव्यापी संगणकीय यादी २००९ मध्ये सुरू झाली. लाखो मुलांची माहिती असंख्य कर्मचाऱ्यांना खुली करण्यातील धोक्यांवर मोठी टीका झाली, सरकार बदलले आणि ऑगस्ट २०१० मध्ये ती यादी बंद करण्यात आली. सर्वांची माहिती एका जागी साठवली की संरक्षण आपोआप होईल, हा विश्वास दोन्ही अंगांनी अपुरा ठरतो : धोक्यात नसलेल्या मुलांचीही माहिती विनाकारण उघडी पडते, आणि धोक्यात असलेल्या मुलासाठी लागणारा विचारविनिमय यादीत नाव असल्याने घडत नाही. दोन माणसांनी एकमेकांना फोन करून आपापली शंका बोलून दाखवणे, हे काम यंत्राने सुकर होते, पण यंत्र ते माणसाऐवजी करू शकत नाही.

दहा-नऊ-आठ : एका भारतीय जाळ्याची घडण

भारतात या विषयाचा मोठा प्रयोग मुंबईत आकाराला आला. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रकार्य प्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये चाइल्डलाइन ही संकटग्रस्त मुलांसाठीची चोवीस तासांची दूरध्वनी सेवा सुरू झाली. १०९८ हा क्रमांक दहा-नऊ-आठ अशा उतरत्या आकड्यांनी मुलांना सहज लक्षात ठेवता येतो, आणि रस्त्यावर राहणाऱ्या मुलांचा या सेवेच्या घडणीत प्रत्यक्ष सहभाग होता. १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनची स्थापना होऊन केंद्र सरकारच्या पाठबळाने ही सेवा देशभर पसरू लागली.

या सेवेची रचना ज्ञान व्यवस्थापनाच्या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. एकाच मोठ्या संस्थेने सर्व शहरांत शाखा काढण्याऐवजी त्या त्या शहरात आधीपासून काम करणाऱ्या संस्थांना एकत्र बांधण्यात आले. एक संस्था, बहुधा समाजकार्याचे महाविद्यालय किंवा तत्सम शैक्षणिक संस्था, समन्वय, प्रशिक्षण आणि नोंदींचा अभ्यास पाहत असे. दुसरी संस्था फोन घेऊन शक्यतो तासाभरात मुलापर्यंत पोहोचत असे. आणखी काही संस्था वस्त्यांत, स्थानकांवर व बाजारांत जाऊन मुलांशी संबंध ठेवत असत. पोलीस, आरोग्य, शिक्षण, कामगार या खात्यांचे अधिकारी शहरपातळीवरील सल्लागार मंडळात असत. म्हणजे जो प्रसंग हाताळतो, जो प्रसंगांचा अभ्यास करतो आणि ज्याला धोरण बदलण्याचा अधिकार आहे, असे तिघेही एकाच वर्तुळात आणले गेले. सेवाक्षेत्रात हे तिघे बहुधा एकमेकांना भेटत नाहीत आणि ज्ञानाची गळती मुख्यतः तेथेच होते.

फोनची नोंद ठेवण्याचा हेतूही त्यामुळे बदलला. एकेका फोनची नोंद त्या मुलाच्या पाठपुराव्यासाठी लागते. पण शेकडो नोंदी एकत्र वाचल्या की यंत्रणेतील उणिवा दिसू लागतात. रस्त्यावरील आजारी किंवा जखमी मुलांना वैद्यकीय मदत मिळवून देणे हे सुरुवातीच्या काळातील कामाचे मोठे अंग होते, आणि सोबत पालक नसलेल्या मुलाला रुग्णालयात दाखल करून घेताना येणाऱ्या अडचणी त्यातून पुन्हा पुन्हा समोर आल्या. एका कार्यकर्त्याने एका रात्री एका डॉक्टरांची समजूत घातली, तर एका मुलाचा प्रश्न सुटतो. पण तोच प्रसंग अनेक शहरांत घडतो आहे हे नोंदींवरून दाखवता आले, तर रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि नियमांत सुधारणा यांची मागणी करता येते. पोलीस, डॉक्टर, रेल्वे कर्मचारी, शिक्षक यांना मुलांच्या प्रश्नांविषयी सजग करण्याचे जे कार्यक्रम या जाळ्याने हाती घेतले, त्यांच्यामागे हीच दिशा होती. नोंद ही वरिष्ठांना दाखवण्यासाठी नसून जाळ्याने स्वतः शिकण्यासाठी असते, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आलेले दिसते.

२०२३ पासून ही सेवा मिशन वात्सल्य या योजनेखाली राज्य शासनांच्या महिला व बालविकास यंत्रणांकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांकडे टप्प्याटप्प्याने सोपवण्यात आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली. शासनाने मुलांच्या संरक्षणाची थेट जबाबदारी घेणे यात तत्त्वतः काही वावगे नाही. मात्र अशा कोणत्याही हस्तांतरात एक प्रश्न कायम उभा राहतो : फाइली, संगणकीय नोंदी आणि क्रमांक दुसऱ्याच्या ताब्यात देता येतात, पण कोणत्या फलाटावर मुले कोणत्या गाडीने उतरतात, कोणत्या चहावाल्याला ती आधी दिसतात आणि कोणावर त्यांचा विश्वास आहे, हे वर्षानुवर्षांचे ज्ञान कार्यकर्त्यांसोबत निघून जाते. म्हणून जुन्या आणि नव्या कार्यकर्त्यांनी काही काळ खांद्याला खांदा लावून काम करणे ही हस्तांतराची अट असली पाहिजे.

वस्तीतून धोरणापर्यंत

कामाचे ज्ञान कसे वाटावे याची दोन लक्षणीय उदाहरणे महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यकार्यात आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि काही समाजाने सर्वांत खाली लोटलेल्या जातींतल्या होत्या. त्यांचे शिक्षण एकदाच्या शिबिरावर सोपवलेले नव्हते. या स्त्रिया दर आठवड्याला केंद्रात जमत, आपल्या गावात काय घडले ते सांगत, एकीची अडचण दुसरीच्या अनुभवाने सुटे, आणि डॉक्टरही त्या चर्चेतून शिकत. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये ज्याला सहकर्मींचा शिकणारा समुदाय अशा अर्थाने नाव दिले, त्याचे हे फार आधीचे आणि सकस रूप होते. त्याचे बळ नियमितपणात आणि समानतेत होते : बैठक ठरल्या दिवशी होतच असे, आणि चुकीची कबुली दिल्याबद्दल कोणाला कमी लेखले जात नसे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंमध्ये सुमारे ६२ टक्के घट झाली होती. एवढ्यावर हे काम थांबले असते, तर ते एका निष्ठावान संस्थेचे यश म्हणून उरले असते. परंतु ही पद्धत इतरांच्या हातीही चालते का, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील सात ठिकाणी, इतर स्वयंसेवी संस्थांमार्फत, अंकुर या प्रकल्पात ती वापरून पाहण्यात आली. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम देशभरातील आशा या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत राबवण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी जाऊन पाहते, आणि घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशीही भेट देते.

या प्रवासाचे टप्पे नीट वेगळे काढले, तर ज्ञान पसरण्याची रीत स्पष्ट होते. प्रथम गावातील दायांचे आणि आयांचे म्हणणे ऐकून प्रश्न समजून घेतला गेला. मग डॉक्टरच्या डोक्यातील निदान थोड्या, डोळ्यांनी पाहता येतील अशा खुणांमध्ये उतरवले गेले. मग घरभेटीचा तक्ता आणि नोंदीचा साधा नमुना तयार झाला. त्याची मोजदाद झाली. आणि तो दुसऱ्या संस्थांच्या हाती, दुसऱ्या परिस्थितीत तपासला गेला. पसरताना पद्धत बदलतेही. गडचिरोलीत प्रशिक्षित गावकरी स्त्रिया जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देत. राष्ट्रीय कार्यक्रमाने ती जबाबदारी आशांवर ठेवली नाही. म्हणून एखादी पद्धत स्वीकारणाऱ्या संस्थेने तिच्यातील कोणता भाग गाभ्याचा आहे आणि कोणता परिस्थितीनुसार बदलता येतो, हे मूळ संस्थेला विचारले पाहिजे, आणि मूळ संस्थेनेही ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. केवळ तक्ता उचलला आणि त्यामागची नियमित देखरेख वगळली, तर भेटींची संख्या भरते, पण बाळाची काळजी होत नाही.

ज्ञान का अडते

एवढे सगळे ठाऊक असूनही बहुतेक सेवासंस्था एकमेकींपासून फारसे शिकत नाहीत, आणि त्याला ठोस कारणे आहेत. पहिले कारण निधीचे आहे. एकाच शहरात एकाच प्रश्नावर काम करणाऱ्या दोन संस्था बऱ्याचदा एकाच देणगीदाराकडे अर्ज करतात. अशा वेळी आपली यशस्वी पद्धत दुसरीला देणे म्हणजे आपले वेगळेपण गमावणे असे वाटू लागते, आणि आपले अपयश उघड करणे तर आत्मघातकीच वाटते. परिणामी अहवाल यशोगाथांनी भरतात आणि ज्या फसलेल्या प्रयत्नांतून सर्वाधिक शिकता आले असते, ते कागदावर येतच नाहीत.

दुसरे कारण अहवालांच्या दिशेचे आहे. कार्यकर्तीने भरलेला नमुना कार्यालयात जातो, तेथून मुख्यालयात, तेथून देणगीदाराकडे किंवा शासनाकडे. तो शेजारच्या संस्थेकडे जात नाही आणि बहुधा अर्थ लावून कार्यकर्तीकडे परतही येत नाही. जे लिहिले त्याचा आपल्या कामाला काही उपयोग होताना दिसत नसेल, तर लिहिणारा हात हळूहळू निष्काळजी होतो आणि आकडे केवळ रकाने भरण्यापुरते उरतात. तिसरे कारण भाषेचे आहे. काम मराठीत, गोंडीत, कोरकूत किंवा भिलीत चालते, अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, आणि त्या भाषांतरात नेमके ते तपशील गळतात ज्यांच्यामुळे काम जमले. चौथे कारण माणसांच्या ये-जा करण्याचे आहे. अल्प मानधन आणि वर्षावर्षाच्या कंत्राटांमुळे तयार झालेला कार्यकर्ता सोडून जातो आणि संस्थेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या अडथळ्यांवर मात करण्याचा एक परिणामकारक मार्ग म्हणजे दोन यंत्रणांना एकाच छपराखाली बसवणे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांच्या सहकार्याने १९८४ मध्ये सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष हे त्याचे उदाहरण आहे. तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आत बसून हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांना साहाय्य करू लागल्या, आणि हे प्रारूप पुढे राज्यात इतरत्र आणि राज्याबाहेरही स्वीकारले गेले. रोजच्या सहवासात पोलिसांना समुपदेशनाची बाजू आणि समाजकार्यकर्त्यांना कायद्याची व तपासाची बाजू कळते, आणि जे प्रशिक्षणवर्गात सांगून पटत नाही ते समोरचे प्रकरण हाताळताना पटते.

गोपनीयतेची मर्यादा

ज्ञान वाटण्याच्या उत्साहात व्यक्तीची माहिती वाटली जाणार नाही, याची काळजी मात्र तितक्याच कसोशीने घ्यावी लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने कायद्याशी संघर्ष झालेल्या किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा वगैरे तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने एकीकडे अशा अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे आणि दुसरीकडे मुलाची ओळख उघड करण्यावर बंदी घातली आहे. योग्य व्यक्तीला माहिती न देणे हाही अपराध आणि नको त्या व्यक्तीला देणे हाही अपराध, असा हा दुहेरी दंडक आहे. कार्यकर्त्याला तो गोंधळात टाकणारा वाटू शकतो, पण त्यामागचा न्याय साधा आहे : माहिती मुलाच्या संरक्षणासाठी आहे, आणि त्या संरक्षणासाठी ज्याला ती लागते त्याच्यापर्यंतच ती गेली पाहिजे.

अमेरिकेतील एक तरतूद या दृष्टीने मननीय आहे. तेथे बेघरांना सेवा देणाऱ्या संस्थांची सामायिक माहितीप्रणाली या शतकाच्या आरंभापासून उभी राहिली, जेणेकरून एकाच माणसाला दारोदार तीच कहाणी सांगावी लागू नये आणि एकूण गरजेचा अंदाज यावा. परंतु स्त्रियांवरील हिंसेविषयीच्या कायद्यात झालेल्या सुधारणांनी कौटुंबिक हिंसेच्या बळींना आश्रय देणाऱ्या संस्थांना ओळख पटवणारी माहिती त्या सामायिक प्रणालीत टाकण्यास मनाई केली; त्यांनी आपली वेगळी नोंदव्यवस्था ठेवावी आणि ओळख काढून टाकलेले एकत्रित आकडे तेवढे द्यावेत, अशी योजना झाली. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला आश्रयस्थानाचा पत्ता लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले होते त्यांच्या आग्रहाचा हा परिणाम होता. एकच जाळे, पण सर्व माहितीला एकच नियम नाही, ही समज त्यातून घेण्यासारखी आहे.

संमतीचा प्रश्नही येथेच येतो. निवाऱ्याच्या शोधात आलेल्या माणसासमोर सही करायला कागद ठेवला, तर तो सही करतोच, कारण नकार दिल्यास निवारा नाकारला जाईल अशी त्याला भीती असते. अशी सही म्हणजे संमती नव्हे. कोणती माहिती कोणाला आणि कशासाठी दिली जाईल हे त्याच्या भाषेत समजावून सांगणे, काही भाग न देण्याची मोकळीक ठेवणे आणि नकारामुळे सेवा थांबणार नाही याची हमी देणे, एवढे झाल्यावरच संमतीला अर्थ येतो.

काय करता येईल

या सर्व विवेचनातून जाळ्यांसाठी काही व्यवहार्य रीती निघतात आणि त्यांतील बहुतेकींना महागडी संगणकप्रणाली लागत नाही. जिल्ह्यातील सेवांची अद्ययावत यादी, म्हणजे कोणती संस्था कोणासाठी, कोणत्या वेळी, कोणत्या अटींवर काम करते याची नोंद, ठरावीक मुदतीने तपासली गेली पाहिजे. बंद पडलेल्या केंद्राचा पत्ता घेऊन संकटातील माणसाला पाठवणे हे मदत नाकारण्याइतकेच दुखावणारे असते. एका संस्थेकडून दुसरीकडे व्यक्ती पाठवताना जो संदर्भपत्राचा नमुना वापरला जातो, त्यात काय पक्के ठाऊक आहे, काय केवळ संशय आहे आणि काय अजून तपासायचे आहे, हे तीन रकाने वेगळे असावेत, आणि ती व्यक्ती प्रत्यक्ष पोहोचली का याची खबर पाठवणाऱ्याकडे परत यावी. गुंतागुंतीच्या प्रकरणात सर्व संबंधितांची एकत्र बैठक व्हावी आणि पुढील पावलाची जबाबदारी एका नावावर नोंदवली जावी.

कामाच्या ज्ञानासाठी ठरल्या दिवशी होणारी, पदांचा दबाव नसलेली कार्यकर्त्यांची बैठक हे सर्वांत जुने आणि सर्वांत खात्रीचे साधन आहे. फसलेल्या प्रसंगांचा अभ्यास ओळख लपवून पण प्रामाणिकपणे मांडला जावा, आणि तो मांडणाऱ्या संस्थेचा निधी त्यामुळे धोक्यात येणार नाही अशी हमी देणगीदारांनी द्यावी. नोकरी सोडणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या जागी येणाऱ्यासोबत काही दिवस वस्तीत हिंडावे. समाजकार्याच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांची क्षेत्रकार्याची टिपणे संग्रही ठेवण्यापुरती न ठेवता, त्यांतील निष्कर्ष मराठीत त्या त्या संस्थांना परत द्यावेत. आणि ही सर्व कामे करण्यासाठी वेळ व माणूस लागतो, हे मान्य करून त्यांची तरतूद अंदाजपत्रकात करावी. समन्वय हे सर्वांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही.

या व्यवहारात एक घटक बहुधा विसरला जातो, आणि तो म्हणजे सेवा घेणारी व्यक्ती स्वतः. संस्थांच्या जाळ्यातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रवास केलेली ती एकटीच असते. कोणत्या दारात तिला अपमान सोसावा लागला, कोणती चौकशी तिच्याकडे पाच वेळा झाली, कोणत्या मदतीने खरा फरक पडला, हे कोणत्याही यंत्रणेपेक्षा तिला अधिक ठाऊक असते. बालगृहातून बाहेर पडलेले तरुण, हिंसेतून सावरलेल्या स्त्रिया, बरे झालेले रुग्ण यांना सल्लागार म्हणून, आणि त्या श्रमाचा मोबदला देऊन, या रचनेत बसवले, तर जाळ्याला स्वतःकडे बाहेरून पाहता येईल. त्यांच्याविषयीची माहिती त्यांची आहे आणि ती त्यांच्या इच्छेनेच फिरली पाहिजे. त्यांच्या अनुभवातून आलेले ज्ञान मात्र, त्यांच्या संमतीने आणि त्यांचे श्रेय त्यांना देऊन, प्रत्येक संस्थेच्या कामात उतरले पाहिजे. एकाने सोसलेले दुसऱ्याला सोसावे लागू नये, एवढ्यासाठीच ज्ञानाची ही सारी जुळवाजुळव आहे, आणि प्रत्येक तक्ता, बैठक व प्रणाली याच कसोटीवर तपासली गेली पाहिजे.